मी बघंल तिकडं जाणारा दिवा

आमच्याकडे कुणी कुणाचे आभार मानत नाही. फार झालं तर 'चला, च्या घेऊ' म्हणतात, त्यात सगळं आलं. पेटलेल्या गंजीवर पाणी मारून गेलेल्या माणसाला तुम्ही 'धन्यवाद' म्हणालात, तर तो दचकेल आणि घरी जाऊन सांगेल की ह्याचं डोकं फिरलंय. मीही त्यातलाच. पण मला काही माणसं अशी भेटली की त्यांना कपभर चहा पाजून माझं समाधान होत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. माझा धंदा फौंड्रीतला, आणि राहायला मी कोल्हापूरजवळच्या उचगावात.

फौंड्रीत मी तीस वर्षं भट्टीवर आहे. भंगार वितळून लोखंडाचा रस होतो. त्याचा रंग आधी लाल, मग केशरी, मग पिवळा आणि शेवटी पिवळ्या-पांढऱ्याच्या मधला कुठलातरी होतो. त्या शेवटच्या रंगाला आमच्यात नाव नाही. तो आला की मी 'सोडा' म्हणतो आणि रस साच्यात ओततात. थोडा गार असताना ओतला तर साचा पुरता भरत नाही, फार तापला तर वाळू मालाला चिकटून बसते. आता उष्णता मोजायची कांडी आली आहे, ती रसात बुडवली की आकडा दिसतो. तरी कामावरचे लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग आकड्याकडे. एकदा कांडीचा आकडा आणि माझा शब्द जुळेना, तेव्हा मालकांनी कांडी दुरुस्तीला पाठवली. मला नाही पाठवलं.

त्यामुळे उजेड म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, असा माझा ताठा होता. ताठा कसला, माजच म्हणा.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी न्हाणीघरात हातपाय धुताना माझ्या डाव्या बाजूला काहीतरी चमकलं. न्हाणीत दिवा लावलेला नव्हता. रस्त्यावरून एखादी गाडी वळली असेल, तिचा उजेड खिडकीतून आला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना डोळ्यांपुढे दोन-तीन डास फिरायला लागले. मी टाळी वाजवून एक मारला, पण हातात काही नव्हतं. पुन्हा वाजवली.

"अवो, डास कुठं हाय?" बायको म्हणाली.

"तुला दिसंना व्हय? डोळं तपासून घे तुझं," मी म्हणालो. हे वाक्य तिनं नंतर मला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला सुमार नाही.

खरं सांगायचं तर आत कुठंतरी मला कळलं होतं. आपल्या देहातलं आपल्याला कळतंच, फक्त आपण कानाडोळा करतो. माझ्या आधी भट्टीवर जे होते त्यांची नजर कमी होत गेली, तेव्हा मालकांनी त्यांना गेटवर बसवलं. मालक वाईट नव्हेत, चांगले म्हणून तरी बसवलं. हातात शिट्टी, अंगात खाकी शर्ट. ज्यांच्या एका शब्दावर सगळी फौंड्री हलायची, ते भंगाराचा ट्रक आत आला तरी उठून सलाम करायचे, मालकांची गाडी समजून. ट्रकवाले हसायचे. मी रोज त्या गेटातून आत जायचो आणि मान खाली घालून जायचो. माझे डोळे गेले तर ती खुर्ची माझी, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कुणाला काही बोललो नाही. डॉक्टरकडे तर नाहीच, कारण डॉक्टर कागदावर लिहून देतो.

त्याच दिवसांत सीमेवर तणाव होता. शहरात भोंगे वाजवून सराव झाला होता, दिवे घालवा म्हणून सांगून गेले होते. ड्रोनच्या अफवा तर रोज एक नवी. अशात एका संध्याकाळी, नुकती दिवेलागण झाली होती आणि पश्चिमेला अजून थोडं तांबूस होतं, तेव्हा आमच्या गल्लीत आरडाओरडा झाला. विमानतळाच्या बाजूला, उसाच्या रानावर, एक पांढरा दिवा लटकल्यासारखा थांबला होता. ना आवाज, ना हालचाल. सगळी गल्ली गच्च्यांवर चढली.

मी उशिरा पोहोचलो. पायऱ्या चढेपर्यंत धाप लागली होती. "कुठं? कुठं हाय?" मी विचारत होतो, आणि दहा माणसं दहा बोटं दाखवत होती. मी मान वळवली, डोळा फिरवला, आणि डाव्या कडेला लख्खकन चमकलं.

"दिसला!" मी ओरडलो.

तो ओरडण्याचा आनंद मी विसरणार नाही. चार दिवस जे मला दिसत होतं ते आकाशातलं होतं! गावाला आज दिसलं, मला आधीपासून दिसत होतं, इतकाच काय तो फरक. माझी नजर चांगलीच नव्हे, चारचौघांपेक्षा तेज होती. गावानं बघितलेला दिवा दहा मिनिटांनी सरकत गेला आणि दिसेनासा झाला. मी खाली आलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गच्चीवर मी तो दिवा खरोखर बघितला होता की नाही, हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. बहुतेक नाहीच.

पण त्या वेळी माझ्या तोंडाला कोण आवरणार? दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलो तर डेअरीच्या रांगेत सांगितलं, मला तो चार दिवस दिसतोय. चहाच्या टपरीवर सांगितलं, तो वाकडा जातो, सापासारखा. फौंड्रीत सांगितलं, विमानाचा नव्हे आणि ड्रोनचाही नव्हे, मला उजेडातलं कळतं. बाकीच्यांनी एकदाच बघितलेला, मी सात-आठ वेळा. गावात माझा भाव वधारला. लष्कराचे लोक तपासाला आले तेव्हा ज्याला विचारतील तो माझ्याकडे बोट दाखवायला लागला.

ते आले रविवारी सकाळी, दोन गाड्यांतून. तरुण मंडळाच्या खोलीत त्यांनी बसायचं ठरवलं. कॅरमचा बोर्ड भिंतीला लावून ठेवला, त्याच्या टेबलावर कागद मांडले. अधिकारी म्हणून एक बाई होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. बोलायच्या हिंदीत, अगदी हळू. त्यांच्याबरोबर लिहून घ्यायला एक हवालदार होता. तो आपल्याच भागातला, गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका खेड्यातला, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. पण दुभाषाचं काम मंडळाच्या अध्यक्षांनी आपण होऊन अंगावर घेतलं, कारण त्यांच्या मते त्यांची हिंदी फार सुरेख होती.

मला वाटलं होतं, हे लोक धाक दाखवतील. तसं काही नव्हतं. मॅडम एकेकाला खिडकीशी उभं करायच्या, हात ताठ धरायला लावायच्या आणि उसाच्या शेंड्यापासून किती मुठी वर दिवा होता ते मोजायला सांगायच्या. कुठल्या गच्चीवरून बघितला, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, सगळं विचारायच्या. एकाला म्हणाल्या, दिवा केवढा होता? तो म्हणाला, "भाकरीएवढा." दुसरा म्हणाला, "ह्यॅट, रुपायाएवढा." एक म्हातारी म्हणाली, "जुंधळ्याच्या दाण्याएवढा, पर लई तेज." अध्यक्षांनी तिन्हींची हिंदी केली. मॅडमनी अजिबात न हसता विचारलं, भाकरी हातात धरली तर एवढी दिसते, का पलीकडच्या चुलीवर असली तर? खोलीत वाद पेटला. पण मला त्यांचं कौतुक वाटलं. म्हातारीचं म्हणणंही त्यांनी लिहायला सांगितलं, तिच्याच शब्दात.

मग माझी पाळी आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारात आणि खिडकीत गर्दी झाली होती, कारण खरा साक्षीदार मी.

मी सगळं सांगितलं. किती दिवस, किती वेळा. मॅडमनी विचारलं, दिवा कुठल्या दिशेनं कुठल्या दिशेला जातो?

"तसं काय न्हाय," मी म्हणालो. "मी बघंल तिकडं जातंय की त्ये."

अध्यक्षांनी ताबडतोब सांगितलं, "मॅडम, ये बोलता है, लाईट इधर-उधर बहुत भागती है."

मॅडमनी मान हलवली. पण लिहिणाऱ्या हवालदाराचा हात थांबला. त्यानं डोकं वर केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच बोललो.

"थांबा," तो म्हणाला. "मामा, आता जे म्हणाला त्ये परत म्हणा. एक शब्द बी बदलू नगा."

"मी बघंल तिकडं जातंय."

"म्हंजे कसं? दिवा तिकडं हाय म्हणून तुमी तिकडं बघताय, का तुमी बघताय म्हणून दिवा तिकडं येतोय?"

मला राग आला. भट्टीवर मला कुणी असं उलटसुलट विचारत नाही. "आता ह्यात काय फरक हाय, पावणं?" मी म्हणालो.

"लई फरक हाय," तो म्हणाला.

तो मॅडमच्या कानाशी लागून हिंदीत काहीतरी बोलला. त्यांनी खिडकी लावायला सांगितली, दार लोटायला सांगितलं, बल्ब घालवला. खोलीत अंधार झाला. मला खुर्चीवर बसवलं. हवालदार म्हणाला, "मामा, डोळं मिटा. मिटलंसा? आता आतल्या आत डावीकडं बघा. आता उजवीकडं. दिसतोय का?"

लख्खकन चमकलं, नेहमीच्याच जागी.

"दिसतोय की!" मी मोठ्यानं म्हणालो, कुस्ती मारल्यासारखा. "डोळं मिटलं तरी दिसतोय!"

मग दाराबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. मला हसण्याचं कारण कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली. आकाशातला दिवा डोळे मिटल्यावर कसा दिसेल? एवढी साधी गोष्ट, आणि उजेडातलं मलाच काय ते कळतं म्हणून मी गावभर मिरवत होतो.

मॅडम हसल्या नाहीत. हवालदारही हसला नाही. त्यानं बल्ब लावला, बाहेरच्यांना लांब जायला सांगितलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"डास फिरल्यागत दिसतंय का?"

"व्हय."

"कवापासनं?"

"झालं की आठ दिस."

"एका बाजूनं पडदा सरकल्यागत अंधार येतोय का?"

"न्हाय अजून."

'अजून' हा शब्द माझ्या तोंडून निघाला, आणि मी किती भ्यालो होतो हे मला स्वतःलाच ऐकू आलं. मग मात्र माझा धीर सुटला. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "साहेब, हे कामावर कळलं तर मला गेटवर बसवतील. मी डोळ्यांवर जगतोय."

त्यानं ते मॅडमना सांगितलं, अगदी जसंच्या तसं. मला हिंदी बोलता येत नसली तरी समजते. त्या म्हणाल्या, तुमचा जबाब आमच्याकडे राहील, तुमच्या कामावर आम्ही कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही आत्ता, या क्षणी गाडीत बसायचं. त्यांनी दोन फोन केले. रविवार होता, तरी कोल्हापुरातले एक डोळ्यांचे डॉक्टर दवाखाना उघडायला तयार झाले. तपासाचं काम अर्धं राहिलं होतं, दारात वीस साक्षीदार ताटकळत होते, आणि त्यांनी दोनपैकी एक गाडी माझ्यासाठी सोडली, बरोबर तो हवालदारही दिला. गाडी चालवणारा जवान सगळ्या रस्त्यात एक अक्षर बोलला नाही, पण खड्डा आला की गाडी एवढी हळू करायचा, जणू मागं अंडी भरली होती. त्याचं तोंडही मला नीट आठवत नाही. त्याचेही उपकार आहेत.

इकडे गावात जे व्हायचं ते झालं. लष्कराच्या गाडीत दोन जवानांच्या मध्ये बसून मला जाताना सगळ्यांनी बघितलं. गाडी हायवेला लागेपर्यंत बातमी पक्की झाली होती की मला उचललं. दिवा मीच सोडत होतो, फौंड्रीतल्या कसल्यातरी यंत्रानं, आणि म्हणूनच तो मला चार दिवस आधी दिसत होता! काल माझ्याकडून गोष्ट ऐकायला चहा पाजणारे लोक आज म्हणत होते, आमाला पहिल्यापास्नं संशय हुता.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घालून मला बाकावर बसवलं होतं, सगळं धुरकट दिसत होतं, तेव्हा दारातून कुणीतरी धापा टाकत आलं. चाल ओळखीची. बायको होती, शेजारणीच्या स्कूटरवरून गाडीचा माग काढत आलेली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिनं आधी माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ हवालदारापुढे जाऊन पिशवीतून कागद काढले. आमच्या अर्ध्या एकराचा सातबारा, रेशनकार्ड आणि आमच्या लग्नाचा फोटो.

"साहेब, जामिनाला ह्ये घ्या," ती म्हणाली. "आमचं माणूस बढाया लई मारतंय, पर वाईट न्हाय."

हवालदारानं कागद हातात घेतले, नीट घडी केली, तिच्या पिशवीत परत ठेवले आणि तिला बसवून सगळं समजावलं. ती ऐकत राहिली. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या पाठीत एक जोरात गुद्दा घातला. त्यानंतर बराच वेळ तिनं माझा हात सोडला नाही.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला चीर पडली आहे. पडदा ओढला जातो तेव्हा डोळ्याला तो उजेड भासतो, आणि बाहेर अंधार असला की जास्तच. चीर आहे तोवर लेसरनं कडेनं टाके घातल्यासारखं करता येतं. पडदा सुटून खाली आला असता तर मोठी शस्त्रक्रिया, आणि मग नजर किती परत येईल याचा भरवसा नाही. "किती दिवस उरले होते?" मी विचारलं. ते म्हणाले, "दिवस म्हणू नका, तास म्हणा." त्यांनी त्याच दुपारी लेसर केलं. त्यांच्या घरचं जेवण राहिलं असणार, पण ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी काळा चष्मा लावून, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून मी गल्लीत उतरलो. त्यावरून आणखी दोन दिवस लोक म्हणत राहिले की लष्करानं मला डोळे बांधून नेलं आणि मारलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. एक दिवस ऐकून घेतलं, दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत चष्मा काढला आणि सगळं खरं सांगून टाकलं. म्हणालो, तुमचा दिवा तुमाला लखलाभ, माझा माझ्या डोळ्यात होता. लोक पोट धरून हसले. हसून झाल्यावर रांगेतले तिघं जण हळूच जवळ आले आणि त्यांनी डॉक्टरांचा पत्ता विचारला.

मालकांनाही मीच जाऊन सांगितलं. मॅडमनी शब्द पाळला होता, कुणीही त्यांना कळवलं नव्हतं. मी उभा राहिलो, खाली बघत, शिट्टीची आणि खाकी शर्टाची तयारी ठेवून. मालकांनी मला पंधरा मिनिटं शिव्या घातल्या, आधी बोलला नाहीस म्हणून. मग म्हणाले, "डॉक्टर सांगतील तवा ये. तवर आमी त्या कांडीवर भागवतो." दीड महिन्यानं डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि मी पुन्हा भट्टीपुढे उभा राहिलो. निळी काच डोळ्यांवर घेतली. लाल गेला, केशरी गेला, पिवळा गेला, आणि तो बिननावाचा रंग आला. माझ्या तोंडून 'सोडा' निघेना. शेवटी मी नुसता हात वर केला.

त्याच्या आधी, लेसरनंतर पंधरा दिवसांनी, हवालदार घरी आला होता. जबाब दुरुस्त करून त्यावर माझी सही घ्यायची होती. कागदावर लिहिलं होतं : साक्षीदाराने पाहिलेला प्रकाश आकाशातील नव्हता. मी सही केली. बायकोनं चहा ठेवला. मी विचारलं, बाकीच्यांनी बघितला तो दिवा काय होता मग?

"सांगाय येत न्हाय, मामा," तो म्हणाला. "आन खरं सांगू? मला बी म्हायीत न्हाय."

मग मी दुसरी गोष्ट विचारली, जी मला पंधरा दिवस टोचत होती. खोलीत एवढी माणसं होती, मॅडम एवढ्या हुशार, अध्यक्षांनी माझं वाक्य हिंदीत करून टाकलं होतं आणि सगळं पुढं चाललं होतं. तुम्हीच तेवढे का थांबलात?

त्यानं कप खाली ठेवला.

"आमच्या आप्पांनी मला फोनवर हेच सांगितलंतं," तो म्हणाला. "मी तवा लांब उत्तरेकडं हुतो, डोंगरात. आठ दिसातनं एकदा फोन लागायचा. आप्पा म्हणालं, रानात एक दिवा दिसतोय, मी बघंल तिकडं जातोय. मी हसलो. म्हणालो, आप्पा, आता कमी घ्या. आप्पा दारू पीत न्हाईत, मामा. कवाच पीत न्हाईत. मी आपलं गमतीनं म्हणालो. त्यांनी परत कुणाला सांगितलंच न्हाय. मी सुट्टीवर आलो तवर एक डोळा गेलाता."

बायकोनं स्वयंपाकघरातून ऐकलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता. तो उठला, बूट घातले आणि 'येतो, मामा' म्हणून गेला. 'चला, च्या घेऊ' म्हणावं, तर चहा झालेला होता.

महिनाभरानं मी एसटीनं गडहिंग्लजला गेलो आणि तिथून वडापच्या जीपनं त्याच्या गावाला. गावाचं नाव आणि फोन नंबर त्यानं सहीच्या दिवशी दिला होता, पण त्याला विचारून गेलो नव्हतो. गाव सापडलं, घर सापडलं. आप्पा सोप्यात घोंगड्यावर बसून वेताची पाटी विणत होते. डावा डोळा दुधासारखा पांढरा. तरी बोटं न बघता चालत होती.

"कुठलं पावणं?" त्यांनी विचारलं.

मी बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. डासांपासून सातबाऱ्यापर्यंत. ते मध्ये मध्ये हसत होते. मग मी सांगितलं की तुमच्या पोरानं भर खोलीत सगळ्यांना थांबवलं, कारण मी जे बोललो ते तुमचं वाक्य होतं. तुमचं वाक्य त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, म्हणून माझा डोळा वाचला.

त्यांची बोटं थांबली.

"त्यो माझ्या म्होरं ह्ये कवा बोलला न्हाय," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "सुट्टीवर येतोय तवा औषदं आणतोय, बॅटरी आणतोय, भारीतला चष्मा आणतोय. पर माझ्या तोंडाकडं बघत न्हाय. खाली बघून बोलतोय. मला वाटायचं, ह्यो डोळा बघून त्येला कसंतरी व्हतंय."

माझ्या हातून त्यांच्यासाठी एवढीच एक गोष्ट होण्यासारखी होती. मी खिशातून फोन काढला आणि हवालदाराला लावला. "बोला, मामा," तो म्हणाला. मी लगेच फोन आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी तो कानाला लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तू हसलास त्ये मी त्याच दिशी इसरलोतो," ते म्हणाले. "आता तू बी इसर. आन दिवाळीला आलास की माझ्याकडं सरळ बघ."

आप्पांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.